एका खुर्चीची खोली

मागच्या महिन्यात काकांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. घर विकायला काढलंय, बाकीचं सामान गेलं, फक्त ते दोन स्पीकर उरलेत, कोणी हात लावायला तयार नाही, तुम्हाला हवेत का, असं तिने विचारलं. "तुम्हीच तेवढ्या बाबांसोबत ऐकायच्या," असंही म्हणाली. मी नको म्हटलं. जरा फटकनच म्हटलं असणार, कारण तिने लगेच फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. तिचा काय दोष? काकू गेल्याला चार वर्षं झाली, काका या उन्हाळ्यात गेले, आणि ती बिचारी एकटी सगळं आवरत होती. पण ते स्पीकर मला का नकोत, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

काका म्हणजे माझे घरमालक. मी मूळची पुसदची. यवतमाळात एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या वरच्या खोलीत सात वर्षं राहिले. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी केळापूर, बाभुळगाव अशा तालुक्यांतली शेतं मोजण्यात गेली. दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत आणि मधे हे साखळी धरून शांत उभे आहेत, अशी त्यांची ख्याती. लोक मोजणीसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर मोजायला शेत उरलं नाही म्हणून साहेबांनी घरातली पुढची खोली मोजायला घेतली, असं काकू गमतीने सांगायच्या. ते खरं नव्हतं. खोली ते लग्नाच्या वर्षापासून मोजत होते. निवृत्तीनंतर दिवसभराचा वेळ मिळाला, इतकंच.

भाड्याची खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, जात, नोकरी, काही विचारलं नाही. विचारलं ते असं: "मॅडम, तुमचं वजन किती?"

मी पर्स उचलून निघालेच होते. काकू आतून ओले हात पुसत धावत आल्या. "अवो, असं इचारते काय कोनाले?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, मनावर घेऊ नोका. वरतून पावलं वाजते ना, त्याचं त्याईले भेव हाये."

अट एकच होती. संध्याकाळी पाच ते सात वर चालायचं नाही. अगदीच चालावं लागलं तर कुठून चालायचं, तेही ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी काका स्वतः खडू आणि टेप घेऊन वर आले, खालची तुळई कुठून गेली आहे त्याचा हिशेब लावला आणि पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला धरून दोन रेषा मारल्या. "हा तुमचा पांदणरस्ता. दोन शेतांच्या मधातून जायची वाट असते न, तसा. याच्या भाईर पाय नाई." मला हसू आलं. पण सात वर्षं मी त्या वाटेनेच चालले, आणि पाच ते सात पलंगावर बसून वह्या तपासल्या.

पुढची खोली सोळा बाय बाराची. तिच्यात काय होतं ते मोजून सांगता येईल. छातीपर्यंत उंचीचे दोन सागवानी स्पीकर, तबकड्यांचं कपाट, तबकडी वाजवायचं यंत्र, अँप्लिफायर, आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही. कारण दुसऱ्या खुर्चीवर आवाज आपटतो. पाहुणे ओट्यावर बसायचे. स्पीकरचे डबे पांढरकवड्याच्या एका सुताराकडून करून घेतलेले, त्याला आधी वाटलं कोठ्या आहेत. "सायेब, यात गहू किती मावन?" असं त्याने विचारलं होतं, आणि ही गोष्ट सांगताना काका स्वतः कधी हसले नाहीत. त्यांना तो अडाणीपणा दुखला होता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "वस्तू वाईट नसते, मॅडम. जागा चुकली असते." माझा एखादा विद्यार्थी नापास झाला की म्हणायचे, बाक बदला त्याचा. अंगणातलं लिंबू फळलं नाही, जागा चुकली. कोणाचा संसार मोडला, त्यातही कोणाची तरी जागा चुकलेली असायची. पण या वाक्याचा खरा मुक्काम पुढच्या खोलीत होता. स्पीकर भिंतीला चिकटवला की आवाज घुमतो. कोपऱ्यात सरकवला की नुसता चिखल होतो. दोन्ही पार पुढे ओढले तर गाणं पातळ पडतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमधलं अंतर सारखं असलं पाहिजे, आणि तरीही स्पीकरांची तोंडं किती आत वळवायची हे बाकी राहतंच. त्यासाठी ते बोट-बोटभर सरकवायचे, खडूने खूण करायचे, वहीत मांडायचे, खुर्चीत येऊन डोळे मिटायचे, आणि पुन्हा उठायचे. फरशीवर इतक्या खुणा झाल्या होत्या की पुसणं काकूंना बंद करावं लागलं. त्या खोलीत पोछा लावणं कित्येक वर्षांपासून बंद होतं.

एका रविवारी मला खाली बोलावलं. "मॅडम, तुमच्या पुस्तकात आहे न, किरण जितक्या कोनात येते तितक्याच कोनात परत जाते? आवाज बी तसाच जाते. या." काकूंचा कुंकवाचा छोटा आरसा त्यांनी माझ्या हातात दिला. ते खुर्चीत ताठ बसले. मी आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून हळूहळू पुढे सरकवायचा, आणि त्यात त्यांना स्पीकर दिसला की ते "थांबा!" म्हणून ओरडणार. जिथे दिसतो तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानात येतो, म्हणून तिथे गोधडी टांगायची. मी दीड तास भिंतीला आरसा घासत होते. विज्ञान म्हणून सगळं बिनचूक होतं, हे मला कबूल करावं लागलं. आरसा मात्र चार दिवस त्यांच्याकडेच राहिला. त्या चार दिवसांत काकूंनी कुंकू स्टीलच्या ताटात बघून लावलं. मला सांगताना हसत होत्या. मीही हसले.

त्या दिवशी बक्षीस म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "डोळे मिटा. आता बोटानं दाखवा, बाई कुठं उभी हाये." पूरिया लागला. मी खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला. दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, जिथे भिंतीवर नुसतं कॅलेंडर होतं, तिथे ती गाणारी बाई उभी होती. तिचा श्वास कळत होता. मी बोट दाखवलं. काकांनी माझ्या बोटापासून भिंतीपर्यंत टेप धरला आणि म्हणाले, "दोन बोटं डावीकळे हाये. तरी चाललं."

मी भारावून स्वयंपाकघरात गेले. काकू वांगी चिरत होत्या.

"दिसली काय बाई?"

"हो काकू! अगदी समोर."

"मले तं कधी दिसली नाई. इथं फक्त ढुमढुम येते."

"तुम्ही नाही बसत ऐकायला?"

"एकच खुर्ची हाये ना. मी बसली तं हे कुठं बसन?" यात तक्रार नव्हती. पाण्याचा तांब्या कुठे ठेवला आहे ते सांगावं तशा सुरात त्या बोलल्या आणि पुढचं वांगं घेतलं.

पाच ते सात कुकरची शिट्टी वाजवायची नाही, म्हणून त्यांचा स्वयंपाक दुपारीच व्हायचा आणि रात्री दोघं गार खायचे. पाच ते सात पुढची खिडकी बंद, कारण ओट्यावर शेजारच्या बायका बसून बोलायच्या. काकूंना त्या बोलण्याची फार ओढ. साडेचारला ओट्यावर जायच्या आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना गोष्ट अर्धी टाकून उठायच्या. "चालली वं. आमचा देव पाचले उठते." बायका खिदळायच्या. गोष्टीचं पुढे काय झालं ते काकूंना दुसऱ्या दिवशी साडेचारला कळायचं.

आणि ती कोपऱ्याची गोष्ट. डाव्या कोपऱ्यात आवाज घुमत होता, काही केल्या जात नव्हता. एकदा काकू त्या कोपऱ्यात उभ्या राहून गोधडीची घडी घालत होत्या आणि काकांच्या लक्षात आलं की घुमणं कमी झालं. "हालू नको!" म्हणाले. मग पाच-सहा दिवस रोज संध्याकाळी काकू अंगाभोवती गोधडी घेऊन त्या कोपऱ्यात उभ्या. किती जाड माणूस लागते ते पाहून राह्यलो, असं काका सांगायचे. शेवटी जिनिंगमधून रुई आणून तिची दोन पोती कोपऱ्यात उभी केली, तेव्हा काकूंची सुटका झाली. "मायाहून पोतं बरं निघालं," हे काकूंचं त्यावरचं बोलणं. पुढे पोत्यांत उंदरांनी घर केलं आणि तीही काकूंनीच निस्तरली. मी ही गोष्ट शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली होती. सगळ्यांना हसवलं होतं. आज त्या हशाची मला लाज वाटते.

हिवाळ्यातला गुरुवार होता. साडेपाचच्या सुमारास मी वर सहामाहीचे पेपर तपासत होते. खाली गाणं चालू होतं. स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि पाठोपाठ काहीतरी जड पडलं. माझं पेन थांबलं. परात पडली असेल, असं मला वाटलं. परात पडली असती तर काकू स्वतःशी काहीतरी बोलल्या असत्या, हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. खाली गाणं थांबलं नाही, म्हणून मीही उठले नाही. पाच ते सातची सवय माझ्या अंगात इतकी मुरली होती की उठायचा विचारसुद्धा आला नाही.

काकांनीही तो आवाज ऐकला होता. त्यांनी तबकडीची बाजू संपू दिली. वीस-बावीस मिनिटं. बाजू बदलायला उठले तेव्हा आत रागवायला म्हणून गेले, आणि मग त्यांनी मला हाक मारली. ती हाक मी कधी विसरणार नाही. आम्ही दोघांनी काकूंना उचलून ऑटोत घातलं. पुढे नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी किती वाजता झालं म्हणून विचारलं, काकांनी मिनिटासकट सांगितलं. मोजणीचा माणूस, वेळ चुकवणार नाही. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." आणि केसपेपर लिहायला घेतला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला: हो. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. डॉक्टरांनी मला आणि काकांना समोर बसवून समजावलं की त्यांना कळतं बरंच, पण बोलायला तेवढाच शब्द येतो, त्या शब्दावर जाऊ नका. मला ते पटलं. काकांनी मान हलवली आणि मुळीच मानलं नाही. चौतीस वर्षं ही बाई त्यांना हो म्हणत आली होती. आता त्या हो मध्ये काही नाही, हे ते कसं मानतील?

काकूंसाठी दवाखान्यातला असतो तसा लोखंडी पलंग भाड्याने आणला, तो आतल्या दारातून जाईना. काकांनी दार मोजलं, पलंग मोजला, आणि पाचव्या मिनिटाला आपली खुर्ची उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. ती तिथेच उन्हापावसात सडली. पुढच्या खोलीत खुर्चीच्या जागी पलंग आला. मी मनातून त्यांना हात जोडले. माणूस इतकं सोडू शकतो, मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी सोडलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर छतातून ओळंबा टांगलेला, त्याचं पितळी टोक काकूंच्या कपाळाच्या वर वीतभर अंतरावर डुलत होतं, आणि काकूंचे डोळे त्याच्यासोबत इकडून तिकडे जात होते.

"मध्य काढून राह्यलो," काका म्हणाले. "मॅडम, माही चूक कळली मले. ती स्वयंपाकघरात होती म्हून तिले फक्त ढुमढुम आलं. तिची जागा चुकली होती. आता बरोब्बर मधात घेतो तिले."

मला गहिवरून आलं होतं, हे मी लपवत नाही.

मग ते कामाला लागले. निजलेल्या माणसाचा कान जमिनीपासून किती उंच, त्यावरून स्पीकरखालच्या घडवंच्या कापल्या. स्पीकर मागे झुकवून खाली पाचरी मारल्या. उशीकडून पलंग वर उचलला. आणि पाच वाजले की तबकडी लावून स्टुलावर बसून विचारायचे:

"जमलं काय?"

"हो."

"बाई मधात दिसते?"

"हो."

"का जराशी डावीकळे?"

"हो."

"एकाच वेळी दोन्ही कसं होईन वं?" मग उठून स्पीकर बोटभर सरकवायचे, खूण करायचे, वहीत लिहायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे दोन हिवाळे गेले. त्यांना काकूंकडून एकच पाहिजे होतं: आता पोचलं, आता दिसली, असं एकदा खरंखुरं कळावं. त्या वीस मिनिटांबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्याच वीस मिनिटांची भरपाई चालली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि मला दुसरंही दिसत होतं. पाचला तबकडी बाहेर निघाली की काकूंचा चांगला हात, डावा, चादर मुठीत धरायचा. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर जायचं. "पाहा मॅडम, सूर लागला की तिच्या डोळ्यात पानी येते," काका म्हणायचे. काकूंना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगायला हो सोडून तोंडात काही नव्हतं. मी तरी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं स्वतःला समजावत राहिले. खरं तर मला ती कटकट नको होती.

दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पाच ते सात काका बदलू देत नसत, कारण डोकं फिरलं की मध्य जातो. पाठीला जखमा झाल्या. सकाळी एक बाई यायची अंग पुसायला, तिने मला बोलावून दाखवल्या. त्या दिवशी मी काकांशी भांडले. काकांनी ऐकून घेतलं आणि वेळ पाच ते सहा केली.

शेवटी झालं ते असं. काका औषध आणायला गेले होते. "मी येईपर्यंत यंत्राले हात लावू नोका" असं बजावून गेले. मारवा चालला होता. मी स्टुलावर बसले होते. काकू माझ्याकडे बघून "हो, हो, हो" म्हणत होत्या, जोरात, मान घुसळत, डाव्या हाताने माझा पदर ओढत. मी यंत्र बंद केलं. पदर ओढणारा हात थांबला. मग मी खिडकी उघडली. ओट्यावर बायका होत्या. कोणाच्या तरी सुनेने ठेचा इतका तिखट केला की सासऱ्याने घरभर उड्या मारल्या, असं काहीतरी चाललं होतं. काकूंनी मान खिडकीकडे वळवली. तोंडाचा चांगला कोपरा हसला. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

काका आले. दारातच थांबले. "कोनं बंद केलं?"

"मी."

"काहून?"

मी शाळेत अगदी पुस्तकी मराठी बोलते, पण चिडले की पुसद तोंडात येतं. "कारण तिले नाई पायजे, काका! दोन वर्षांपासून रडून राह्यली ते सुरानं नाई. तुमी तिले बांधून ठेवली इथं. तिले ओट्यावरचं ऐकायचं हाये. इतकं मोजता, हे नाई मोजता आलं?"

ते संतापतील असं वाटलं होतं. ते पलंगाजवळ गेले. "बंद ठेवू काय?"

"हो."

"लावू काय?"

"हो."

"पाहा," ते मला म्हणाले. "तुमी बी अंदाजच करून राह्यल्या. मी बी अंदाजच करतो. असं नाई चालत. तिलेच इचारू. असं इचारू का चुकीले जागा राह्यली नाई पायजे."

हे त्यांचं मोठेपण. मी त्यांना कितीही नावं ठेवली तरी हे त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. शेतात समोरचा कितीही दांडगा असो, मोजणी निघेल ती निघेल, असंच त्यांनी जन्मभर केलं होतं. रविवारी दिवसभर बसून त्यांनी जुन्या घरांत उशाशी लोंबायचा तसला बेडस्विच वायरीला जोडला आणि अँप्लिफायरपर्यंत नेला. स्वतः दहादा दाबून बघितला. पाचला मला बोलावलं. काकूंच्या डाव्या मुठीत स्विच ठेवला, त्यांचा अंगठा बटणावर नेला.

"हे दाबलं का बंद. परत दाबलं का चालू. दोन्ही तुह्या हातात हाये. आजपासून मी नाई इचारत."

तबकडी फिरली. गाणं सुरू झालं. मी दारात उभी होते. दोन मिनिटंही झाली नसतील, टक आवाज झाला आणि खोली शांत झाली.

काकांचा चेहरा उजळला. "दाबता येते तिले! पाहा. आता चालू कर." काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. अंगठा हलला नाही. "थकली असन," म्हणत काकांनी त्यांच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून दाबलं. गाणं सुरू झालं. ते स्टुलावर परत बसायच्या आत टक.

"चुकून दबलं."

पुन्हा लावलं. टक. त्यांनी तबकडी बदलली, दुसऱ्या गायकाची लावली. टक. मग ते उठले, टेप काढला, उजवा स्पीकर बोटभर पुढे ओढला, खूण केली, आले, लावलं. टक. डावा मागे सरकवला. टेपचं टोक खुणेवर राहत नव्हतं. मी "काका, पुरे" म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. लावलं. टक.

मग ते स्टूल ओढून काकूंच्या अगदी तोंडाजवळ बसले.

"तुले हे नाई पायजे?"

"हो."

"पयलेपासूनच नाई?"

"हो."

"छत्तीस वर्षं?"

"हो."

"मंग कधी बोलली काहून नाई वं?"

"हो," काकू म्हणाल्या.

काका गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि माझ्याकडे दारात आले. चौकट धरून उभे राहिले. आवाज इतका खाली आला होता की मला पुढे वाकावं लागलं.

"मॅडम, ते डॉक्टर म्हणत होते न, तिले तेवढाच शब्द येते म्हून? त्याच्यावर जाऊ नोका म्हून?"

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हेच समजावलं तेव्हा त्यांनी कानावर घेतलं नव्हतं. आता ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"हो काका," मी म्हटलं. "तेवढाच येतो."

पलंगावरून काकू आमच्याकडे बघत होत्या. स्विच त्यांनी हातातून सोडला नव्हता.